गायमुखचा चढ आणि डिझेलची ‘ताकद’

घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये रेटत वर जातो. तो पाहून डिझेल इंजिनात पेट्रोलपेक्षा जास्त ताकद असते, असे ठाणे-डोंबिवलीत सर्रास म्हटले जाते. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. चढावर जाणवते ती ओढ, म्हणजे टॉर्क. ताकद ठरते ती ओढ आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकाराने. २०१८ची मारुती स्विफ्ट घ्या. डिझेल इंजिनाची ओढ मिनिटाला २,००० फेऱ्यांवरच १९० न्यूटन-मीटर, पण ताकद ७५ पीएस. पेट्रोलची ओढ ११३, ताकद मात्र ८३ पीएस. कारण ते ६,००० फेऱ्यांपर्यंत पळते. शिवाय डिझेलच्या ओढीत टर्बोचाही मोठा वाटा होता, आणि या पेट्रोल इंजिनाला टर्बो नव्हता.

अ‍ॅव्हरेजमधला फरक मात्र खरा आहे. पेट्रोल इंजिन हवा-इंधनाचे मिश्रण साधारण दहा-अकरा पट दाबते. त्याहून फार दाबले तर ते अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते. डिझेल इंजिन नुसती हवा पंधरा ते अठरा पट दाबते. ती इतकी तापते, की फवारलेले डिझेल ठिणगीवाचून पेट घेते. दाब जास्त, म्हणून त्याच उष्णतेतून काम जास्त. दुसरे कारण शिळफाट्याच्या कोंडीत कळते. कमी भारावर पेट्रोल इंजिनाची हवा झडपेने रोखावी लागते आणि ती ओढून घेण्यात पिस्टनची शक्ती वाया जाते. डिझेलमध्ये इंधनच कमी सोडले जाते, म्हणून उभ्या गाडीत ते बरेच कमी जळते.

तरीही लिटरवरून केलेली तुलना फसवी आहे. लिटरभर डिझेल वजनाने जड असते आणि त्यात सुमारे दहा टक्के जास्त ऊर्जा असते. त्याच स्विफ्टचे जाहीर अ‍ॅव्हरेज पेट्रोलला २२ आणि डिझेलला २८.४ किलोमीटर, म्हणजे २९ टक्क्यांचा फरक. पण लिटरमागे पेट्रोलमधून सुमारे २.३ आणि डिझेलमधून २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. किलोमीटरमागे हिशेब केला, तर डिझेलची बचत सुमारे ११ टक्क्यांवर येते.

डिझेल म्हणजे काळा धूर, हेही जुन्या गाड्यांचे चित्र. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल मोटारींना काजळी अडवणारी गाळणी आली. साचलेली काजळी जाळायला तिला सुमारे ६०० अंश उष्णता लागते. घर ते डोंबिवली स्टेशन एवढ्याच फेऱ्यांत ती मिळत नाही आणि गाळणी तुंबते. रोजची धाव एवढीच असेल तर पेट्रोल बरे; माल भरून माळशेज घाट चढायचा असेल तर डिझेलच.