काठी कशासाठी चांगली?

‘चांगली काठी’ असं नुसतं म्हणता येत नाही. कशासाठी चांगली, हे आधी सांगावं लागतं. दिवेआगरची पुळण सपाट, लाटा दूर फुटतात. तिथे जिताड्यासाठी 60 ग्रॅमचा नकली मासा फेकायचा, तर आम्ही काठीवर छापलेली ग्रॅमची मर्यादा आधी वाचतो. 40 ते 80 असेल तर उत्तम. मागे नेताना वजनाने काठी वाकते आणि सरळ होताना तीच फेकते. मऊ काठी या वजनाला दबून जाते. अति ताठ काठी पुरेशी वाकतच नाही. पुळणीवर 10 फूट लांबी सोयीची, खाडीकाठच्या झाडीत 7 पुरे. आणि फेकण्यापूर्वी मागे-पुढे पाहावं: फेकताना दोरी तुटली, तर गळांसकट ते 60 ग्रॅम माणसांतच जायचे.