अर्ध्यावर थांबलेला डोळा

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ट्रॉलरचा माल उतरला की गिऱ्हाइकाची नजर आधी पापलेट-सुरमईवर जाते. लेप, भाकस आणि त्यांचे चपटे भाईबंद मागे राहतात. जीवशास्त्राच्या दृष्टीने खरा खजिना मात्र तिथेच आहे.

त्यातलाच एक स्युडोऱ्हॉम्बस, म्हणजे उथळ किनारी समुद्रातल्या फ्लाउंडर माशांची एक प्रजाती. वरचं अंग तपकिरी, ठिपक्यांचं. उलटा केला की पांढराफटक. दोन्ही डोळे डाव्या बाजूला. आर्सियस ही त्यातली जाती फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात नोंदवली. तिच्या अंगावरची पार्श्वरेषा आधी कमानीसारखी वळते, मग सरळ होते. ती सरळ होते नेमक्या त्याच जागी एक गडद डाग असतो. वाळू-चिखलावर पडून राहिलेला हा मासा सहजासहजी दिसत नाही.

जन्मतः तो असा नसतो. पिल्लू सरळ उभं पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन. पुढे थायरॉइड संप्रेरकाच्या प्रभावाखाली उजवा डोळा माथा ओलांडून डावीकडे येतो, कवटीची हाडं पिळवटतात आणि मासा कुशीवर तळाला टेकतो.

जीवशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ मध्ये डार्विन यांच्या टप्प्याटप्प्याने होणाऱ्या उत्क्रांतीच्या कल्पनेला इथेच अडवलं. अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा माशाला फायदा काय? डार्विन यांनी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८७२ च्या आवृत्तीत उत्तर दिलं, पण मधल्या टप्प्याचा जीवाश्म हाती नव्हता. तो २००८ मध्ये ओळखला गेला. अँफिस्टियम आणि हेटेरोनेक्टीस या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या माशांचे अवशेष जीवाश्मशास्त्रज्ञ मॅट फ्रीडमन यांनी बारकाईने तपासले. त्या माशांचा एक डोळा वर सरकला होता, माथा मात्र ओलांडला नव्हता.

आपला भाकस या प्रश्नाचा जिवंत साक्षीदार आहे. त्याचा सरकता डोळा माथ्याच्या कडेशी येऊन थांबतो. पाठीचा पर डोक्यावर चढत नाही. स्युडोऱ्हॉम्बसचा पर तर डोळ्यांच्याही पुढून सुरू होतो. शिवाय काही भाकसांचे डोळे डावीकडे असतात, काहींचे उजवीकडे.

१९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था याच वर्सोव्यात आहे. पण एवढं पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. अंधेरी-बोरिवलीतल्या एखाद्या शिक्षकाने बाजारातून हे दोन मासे आणून वर्गात शेजारी-शेजारी ठेवावेत आणि मुलांना पराची सुरुवात बोटाने शोधायला सांगावी.