रुपयातले रुपे

चांदीला मराठीत 'रुपे' हा जुना शब्द आहे आणि आपल्या चलनाचे 'रुपया' हे नाव त्याच कुळातील आहे. दोहोंचे मूळ संस्कृत 'रूप्य'. पाणिनीने 'अष्टाध्यायी'त 'रूप'पासून हा शब्द साधताना दोन अर्थ दिले आहेत: ठसा उमटवलेले आणि प्रशंसनीय रूपाचे. 'रजत' म्हणजे शुभ्र, चकाकणारे. लॅटिन 'अर्जेंटम' हे त्याचे दूरचे भावंड. 'चांदी'चे नाते चंद्राशी, हे वेगळे सांगायला नको.

शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात सुमारे साडेअकरा ग्रॅमचा चांदीचा रुपया पाडला. १८३५ नंतरच्या ब्रिटिश रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम होते व त्यात सुमारे ९२ टक्के चांदी असे. महायुद्धाच्या काळात, १९४० साली, हे प्रमाण निम्म्यावर आले. १९४७चा रुपया तर निकेलचाच निघाला. नाव तेवढे उरले.

वीज वाहून नेण्यात सर्व धातूंमध्ये अग्रेसर असल्याने चांदी आज सौरघटांत आणि विद्युत उपकरणांत वापरली जाते. शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून दागिन्यांसाठी तीत बहुधा तांबे मिसळतात. '९२५' हा ठसा हजार भागांत ९२५ भाग चांदी असल्याचे सांगतो. चांदीच्या दागिन्यांवर ओळख क्रमांकासह हॉलमार्क उमटवण्याची ऐच्छिक व्यवस्था १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाली. खरेदी करताना तो पाहून घ्यावा. पैंजण काळे पडले म्हणून सराफाला दोष देण्याचे मात्र कारण नाही; हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे अस्सल चांदीही काळवंडते.