भेसळ किती आणि कोठे?

विजेच्या खांबावर तारांखाली चिनी मातीचे विसंवाहक बसवलेले तुम्ही पाहिले असतील. भट्टीत भाजलेली माती विजेला अडवते, म्हणून ते तेथे असतात. मग भट्टीतच भाजलेली एक काळी, ठिसूळ टिकली विजेला मुळीच विरोध करीत नाही, असे कोणी सांगितले तर?

अतिसंवाहकता तशी जुनी. १९११ मध्ये हॉलंडमध्ये कॅमरलिंग ओनेस यांना ४.२ केल्विन तापमानाला पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झालेला आढळला. पुढची पाऊणशे वर्षे धडपडूनही ही मर्यादा २३ केल्विनच्या फारशी वर सरकली नाही. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आय.बी.एम. प्रयोगशाळेत बेडनॉर्झ व म्युलर यांनी धातू सोडून ऑक्साइडांकडे मोर्चा वळवला आणि ती ३० केल्विनच्या पुढे गेली.

त्यांचा मूळ पदार्थ लँथॅनम, तांबे व ऑक्सिजन यांचा. चिरोट्याचे पापुद्रे आठवा. तांबे-ऑक्सिजनचे सपाट थर आणि त्यांच्या मधोमध लँथॅनम, अशी ही रचना. गंमत अशी, की शुद्ध स्थितीत हा पदार्थ चक्क विसंवाहक आहे! थरातल्या प्रत्येक तांब्याजवळ एकेक इलेक्ट्रॉन असतो. पण एका जागी दोघे आले तर त्यांचे प्रतिसारण फार, म्हणून कोणीच हलत नाही. खचाखच भरलेल्या एस.टी.तल्यासारखी स्थिती.

आता काही लँथॅनमच्या जागी बेरियम घाला. लँथॅनम तीन इलेक्ट्रॉन देतो, बेरियम दोनच. तूट थरातून भरून निघते आणि तेथे रिकामी जागा, म्हणजे 'छिद्र', तयार होते. दोन-चार प्रवासी उतरले, की बाकीच्यांना सरकता येते ना, तसेच. मात्र प्रमाण सांभाळावे लागते. तांब्याच्या १०० अणूंमागे सुमारे १६ छिद्रे असली तर उत्तम. ५ पेक्षा कमी किंवा सुमारे २७ पेक्षा जास्त झाली, तर अतिसंवाहकता उरत नाही.

१९८७ मध्ये यिट्रियम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडने ९३ केल्विन गाठले. महागड्या द्रव हेलियमऐवजी ७७ केल्विनचा स्वस्त द्रव नायट्रोजन पुरू लागला. येथे भेसळीचे काम ऑक्सिजनच करतो. रेणुसूत्रात त्याचे जवळजवळ सात अणू हवेत. सहाच असले, तर विसंवाहक! म्हणून भाजलेली टिकली ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश निववावी लागते. घाई केली, की मेहनत वाया.

पण मला सर्वांत नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. यिट्रियम काढून चुंबकी गुणाचा गॅडोलिनियम घातला, तरी ते तापमान जवळजवळ तेवढेच राहते, कारण तो थरांच्या बाहेर बसतो. उलट थरातल्या तांब्याच्या जागी अचुंबकी जस्त शंभरांत तीन-चार अणू इतकेच घाला, ते कितीतरी अंशांनी घसरते. जुन्या धातूंत नेमके विरुद्ध घडे : चुंबकी अणू घातक, अचुंबकी जवळजवळ निरुपद्रवी. अतिसंवाहकतेत इलेक्ट्रॉन जोडीने वाहतात, हे दोन्हीकडे खरे. परंतु या थरांत त्यांची जोडी कशामुळे जमते, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. ते देणाऱ्याला जस्ताची ही करामतही समजावून सांगावी लागेल.