'एस' दर्जा आणि घरचा भागीदार

माझा पुतण्या न्यू जर्सीत दवाखान्यांच्या बिलांचे काम पाहणारी छोटी कंपनी चालवितो. तिच्यासाठी त्याने 'एस कॉर्पोरेशन' हा दर्जा निवडला आहे. १९५८ सालापासून अमेरिकेत असलेल्या या सोयीत कंपनीवर सहसा वेगळा केंद्रीय प्राप्तिकर बसत नाही. नफा भागधारकांच्या वैयक्तिक विवरणपत्रात जातो आणि एकदाच करपात्र ठरतो. त्यासाठी वर्षारंभापासून दोन महिने पंधरा दिवसांच्या आत २५५३ क्रमांकाचा अर्ज करावा लागतो. मालकाने आपल्या कामाचा वाजवी पगार मात्र घ्यावयास हवा. सामाजिक सुरक्षेचा कर त्या पगारावर बसतो.

वडोदऱ्याहून वडिलांनी त्याला भांडवलासाठी रक्कम दिली, म्हणून काही शेअर त्यांच्या नावे करावेत, असे त्याच्या मनात होते. परंतु अनिवासी परदेशी भागधारक या कायद्यास चालत नाही. एक शेअर इकडे आला, तरी त्याच दिवशी दर्जा संपतो आणि एरवी पाच वर्षे तो पुन्हा निवडता येत नाही. दादांची रक्कम अखेर भेट म्हणूनच राहिली.

अमेरिकेचे नागरिकत्व न घेता मायदेशी परतू पाहणाऱ्या आपल्या मुलांनीही हे ध्यानी ठेवावे. तेथील करनिवास संपला, की तेही अपात्र ठरतात. विमानाच्या तिकिटाआधी करसल्लागाराची भेट घेणे इष्ट!