शेतात सोयाबीन, मग ताटात टोफू का नाही?

वर्धा जिल्ह्यातलं सोयाबीन थेट बाजार समितीत जातं, घरच्या चुलीपर्यंत क्वचितच येतं. वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधींनी १९३५ मध्येच ते जेवणात आणून पाहिलं होतं.

टोफू म्हणजे काय?
सोयाबीनच्या दुधाचं पनीर. चीन-जपानमध्ये रोजचं खाणं.

घरी कसा कराल?
पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवा. दीड लिटर पाणी घालत वाटा, गाळा. दूध ढवळत १० मिनिटं उकळा. कच्चं सोयाबीन पचत नाही. गॅस बंद करून पाण्यात मिसळलेला लिंबूरस हळूहळू घाला. फाटलं की फडक्यात बांधून अर्धा तास वजनाखाली ठेवा.

चव फिकी लागते? सावजी रश्श्यात सोडा.

हे लक्षात ठेवा : पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं खाण्यात कधीच वापरू नका.