सूर्यास्तापूर्वीचा युरोप

आगगाडी, जहाज आणि विमान ही तिन्ही वाहने सोलापूरच्या जैन समाजाला परकी नाहीत. 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी उद्योगाचा आरंभ रेल्वेच्या कंत्राटाने केला आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामात हात घातला. त्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले आणि 1940 मध्ये त्यांनीच बंगळुरू येथे विमानांच्या कारखान्याची पायाभरणी केली. आज त्याच सोलापुरातील कुटुंबे नाताळच्या सुट्टीत युरोपच्या सहलीचे बेत आखतात. मुंबईपासून युरोपपर्यंत विमान ठरलेलेच असते. पुढे पॅरिसहून झुरिक, झुरिकहून मिलान, मिलानहून रोम हा प्रवास आगगाडीने करावा की विमानाने, हा प्रश्न मात्र घरोघरी चर्चेस येतो.

ही चर्चा बहुधा भाड्याच्या आकड्यांवर सुरू होते आणि तेथेच संपते. जैन कुटुंबात मात्र आणखी एक वाक्य ऐकू येते. घरातील आजी किंवा आजोबा शांतपणे म्हणतात, “आमचे रात्रीचे जेवण नाही. आमच्यामुळे तुमची अडचण नको; तुम्हीच जाऊन या.” सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत रात्रीचे भोजन सात-आठ वाजता ठेवलेले असते, हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकलेले असते. मुलगा आणि सून थोडा आग्रह करतात, मग गप्प बसतात, आणि तिकिटे तीनच निघतात. हे टाळता येते. त्यासाठी बेत भाड्यापासून नव्हे, तर सूर्यापासून आखायला हवा.

दिवस किती तासांचा?

डिसेंबरच्या अखेरीस सोलापुरात सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. म्हणजे थंडीतही आपल्याला सुमारे अकरा तासांचा उजेड मिळतो. युरोपात तसे नाही. त्याच दिवसांत पॅरिसला सूर्य सुमारे 8.45 वाजता उगवतो आणि 4.55 वाजता मावळतो. अ‍ॅमस्टरडॅमला 8.50 ते 4.30, झुरिकला 8.10 ते 4.40, व्हिएन्नाला 7.45 ते 4.05, मिलानला 8 ते 4.45 आणि रोमला 7.35 ते 4.45 असा दिवस असतो. बर्लिन आणि लंडन येथे तर चार वाजण्यापूर्वीच सूर्यास्त होतो.

सूर्योदयानंतर दोन घटका आणि सूर्यास्तापूर्वी दोन घटका सोडून भोजन करणाऱ्यांसाठी हा अवधी आणखी आखडतो. दोन घटका म्हणजे 48 मिनिटे. या हिशेबाने पॅरिसमध्ये सकाळी साडेनऊनंतर आणि दुपारी चारपूर्वी दोन्ही वेळचे जेवण उरकावे लागते. साडेसहा तासांच्या या अवधीत जर विमानतळाची रांग, तपासणी आणि सामानाची वाट पाहणे आले, तर व्रत पाळणाऱ्याला एक वेळ उपाशी राहावे लागते. आगगाडी की विमान, या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

यावरून पहिला निर्णय आपोआप होतो. वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर हिवाळ्यात उत्तरेकडील शहरांपेक्षा दक्षिणेकडील शहरांना अधिक दिवस द्यावेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या तुलनेत रोमचा दिवस सुमारे दीड तासाने मोठा असतो.

दारापासून दारापर्यंतचा हिशेब

पॅरिस ते झुरिक या प्रवासाचे उदाहरण घेऊ. विमान हवेत जेमतेम सव्वा तास असते. जाहिरातीत तेवढाच आकडा दिसतो. परंतु निवासस्थानापासून विमानतळापर्यंत एक तास, उड्डाणापूर्वी दोन तास, उतरल्यावर बाहेर पडण्यास पाऊण तास आणि तेथून शहरात पोहोचण्यास अर्धा तास धरला, तर बेरीज साडेपाच तासांवर जाते. आगगाडीला या मार्गावर सुमारे चार तास लागतात. स्थानकावर जाण्यास अर्धा तास आणि तेथे अर्धा तास आधी पोहोचणे धरले, तरी पाच तासांत कुटुंब झुरिकच्या मध्यवर्ती स्थानकावर उतरते.

फरक अर्ध्या तासाचाच दिसतो. पण विमानाचे साडेपाच तास पाच तुकड्यांत विभागलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यात उभे राहणे, चालणे, पट्टा काढणे, पिशवी उघडणे हे असतेच. आगगाडीचे चार तास सलग असतात. आसन मिळते, समोर छोटे मेज असते, घरचा डबा उघडता येतो आणि प्रसाधनगृह चार पावलांवर असते. सत्तरीतील माणसासाठी या दोन प्रवासांत मोठे अंतर आहे.

सोलापूरकरांना ही गोष्ट स्वानुभवाने पटावी. सोलापूर ते मुंबई हे सुमारे 455 किलोमीटरचे अंतर ‘वंदे भारत’ साडेसहा तासांच्या आसपास कापते. पॅरिस ते लिऑं हे जवळपास तेवढेच अंतर तेथील वेगवान गाडी सुमारे दोन तासांत पार करते, आणि ही सेवा 1981 पासून चालू आहे. आगगाडीने अडीच तासांच्या आत जाता येते अशा काही देशांतर्गत मार्गांवरील विमानसेवा फ्रान्सने 2023 मध्ये बंदच केली. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून लिऑंला जाणारी सेवा त्यांतलीच.

या हिशेबातून एक साधा नियम हाती येतो. आगगाडीचा प्रवास पाच तासांच्या आत असेल तर आगगाडी घ्यावी. सात-आठ तासांहून अधिक असेल तर विमानाचा विचार करावा. पॅरिस ते ब्रुसेल्स सुमारे दीड तास, पॅरिस ते अ‍ॅमस्टरडॅम साडेतीन तासांच्या आत, झुरिक ते मिलान साडेतीन तासांच्या आत, मिलान ते रोम सुमारे तीन तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत: हे सारे आगगाडीचे मार्ग आहेत. पॅरिसहून थेट रोमला जायचे असेल, तर आगगाडीत सारा दिवस जातो आणि विमान दोन तासांत पोहोचते. तेथे विमानच योग्य.

पण तशी वेळ येऊ न देणे अधिक चांगले. मुंबईहून पॅरिसला उतरावे आणि परतीचे विमान रोमहून घ्यावे. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचे तिकीट एकत्रच काढता येते. मग पॅरिस, झुरिक, मिलान, रोम अशी सरळ रेषा तयार होते. एकही मार्ग पुन्हा तुडवावा लागत नाही आणि मधला प्रत्येक टप्पा दुपारच्या जेवणासह आगगाडीत सामावतो. याच मार्गावर आल्प्स पर्वताच्या पोटातून जाणारा 57 किलोमीटर लांबीचा गॉटहार्ड बोगदा लागतो. 2016 मध्ये खुला झालेला हा बोगदा जगातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा आहे.

रात्रीची गाडी

रात्रीचे भोजन वर्ज्य असणाऱ्यांसाठी हिवाळ्यातील रात्रीची गाडी विशेष सोयीची ठरते. व्हिएन्नाहून संध्याकाळी निघून सकाळी रोमला पोहोचणारी शयनयान गाडी घेतली, तर चारपूर्वी जेवण उरकून, सामायिक करून गाडीत बसता येते. व्हिएन्नाचा सूर्यास्त आणि रोमचा सूर्योदय यांत साडेपंधरा तासांची रात्र असते. प्रवासाचा बहुतेक भाग त्या रात्रीतच होतो आणि उजेडाचा फारसा वेळ खर्च होत नाही. एका रात्रीच्या निवासाचे भाडेही वाचते. झुरिक आणि अ‍ॅमस्टरडॅम यांच्यामध्येही अशी गाडी आहे. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर झोपून मुंबईस उतरणाऱ्यांना हा प्रकार नवीन वाटणार नाही. मात्र या गाड्यांतील खासगी डबे लवकर भरतात; आरक्षण जितके आधी तितके बरे.

डब्यात काय असावे?

युरोपीय संघाच्या नियमानुसार बाहेरील देशांतून प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. आपण मांसाचा विचारही करत नाही. परंतु पेढे, खव्याची बर्फी आणि तुपाचा डबा यांवरही हीच बंदी लागू होते, हे अनेकांच्या ध्यानात नसते. ताज्या फळांपैकी केळी, अननस, नारळ, खजूर अशी मोजकीच फळे प्रमाणपत्राविना चालतात. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी, लसूण न घातलेली शेंगाचटणी, तेलावर भाजलेला खाकरा आणि कांदाविरहित चिवडा यांना या बंदीची अडचण नाही. चटणी कोरडीच न्यावी, कारण विमानात हातातील सामानात पातळ पदार्थ 100 मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यात सहसा चालत नाहीत. युरोपातील आगगाडीत अशी मर्यादा नाही.

ज्यांच्याकडे मर्यादेचे नियम काटेकोर पाळले जातात आणि हिवाळ्यात पीठ सात दिवसांपलीकडे चालत नाही, त्यांनी बारा दिवसांचा शिधा बांधून नेण्याऐवजी स्वयंपाकघर असलेले निवासस्थान रेल्वे स्थानकाजवळ भाड्याने घ्यावे. तांदूळ आणि डाळ मोठ्या शहरांत सहज मिळते. सकाळी खिचडी करून डबा भरला की दुपारची चिंता मिटते.

तयार पदार्थ घेताना वेष्टन वाचण्याची सवय ठेवावी. युरोपीय कायद्याने अंडे, दूध, शेंगदाणे आदी 14 घटक ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे अंडे चटकन ओळखू येते. चीजच्या बाबतीत मात्र अधिक सावधगिरी हवी: इटलीच्या प्रसिद्ध पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरलेले असते. गरम जाकिटे घेतानाही आतील भरण पाहावे. अनेक जाकिटांत बदकाची किंवा हंसाची पिसे असतात. कृत्रिम तंतूंचे भरण असलेली जाकिटेही तितकीच उपयोगी पडतात.

बर्फ, विलंब आणि सुट्ट्या

हिमवृष्टी आणि धुके यांमुळे विमाने आणि आगगाड्या दोन्ही अडकतात. आगगाडीस एक तासाहून अधिक उशीर झाल्यास भाड्याच्या 25 टक्के आणि दोन तासांहून अधिक झाल्यास 50 टक्के भरपाईचा नियम आहे. विमानास तीन तासांहून अधिक उशीर झाल्यास 1500 किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी 250 युरो मिळू शकतात. परंतु कारण असाधारण हवामानाचे असेल, तर ही रोख भरपाई सहसा मिळत नाही. जेवण आणि आवश्यक तेथे मुक्काम यांची सोय विमान कंपनीने करायची असते. पण ते जेवण आपल्याला चालेलच असे नाही. म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत एका जादा दिवसाचा कोरडा फराळ असावा, आणि परतीचे विमान ज्या शहरातून आहे तेथे आदल्या दिवशीच पोहोचावे.

तारखांचेही भान हवे. युरोपातील रेल्वेचे वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलते. त्यानंतरच्या तारखांची तिकिटे कधीकधी उशिरा खुली होतात. 25 डिसेंबरला ब्रिटनमधील रेल्वे बंद असते आणि लंडन–पॅरिस गाडीही धावत नाही. त्या दिवशी प्रवास ठेवू नये.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. किमान 30,000 युरोंचा आरोग्यविमा आवश्यक आहे. ब्रिटन या व्यवस्थेत येत नाही. त्यासाठी व्हिसा वेगळा. ज्येष्ठांना स्थानकावर मदत हवी असल्यास रेल्वेला किमान 24 तास आणि विमान कंपनीला 48 तास आधी कळवावे. अनेक देशांत फिरणाऱ्यांसाठी युरेल पास मिळतो. त्यात 60 वर्षांवरील प्रवाशांना दहा टक्के सवलत आहे आणि 4 ते 11 वर्षांची मुले मोठ्या माणसाबरोबर मोफत जातात. फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत आसनाचे आरक्षण मात्र वेगळे पैसे भरून करावे लागते.

देवदर्शनाची वाट

पॅरिस–अ‍ॅमस्टरडॅम मार्ग निवडणाऱ्यांना वाटेत अँटवर्प लागते. तेथील हिरे व्यापारातील जैन बांधवांनी शहरालगत विल्राइक येथे संगमरवरी मंदिर उभारले आहे. त्याची प्रतिष्ठा 2010 मध्ये झाली. लंडनला जाणाऱ्यांसाठी लेस्टर आहे. 1988 मध्ये प्रतिष्ठा झालेल्या तेथील जैन केंद्रात श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही मंदिरे एकाच वास्तूत आहेत, आणि पॅरिसची गाडी लंडनच्या ज्या सेंट पँक्रास स्थानकावर येते, तेथूनच लेस्टरची गाडी सुटते. जाण्यापूर्वी दर्शनाच्या वेळा विचारून घ्याव्यात.

अहिंसेच्या दृष्टीनेही आगगाडीचे पारडे जड आहे. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या 2018 च्या माहितीवरील अंदाजानुसार, एका प्रवाशामागे प्रत्येक किलोमीटरला विमान सुमारे 160 ग्रॅम, तर आगगाडी सुमारे 33 ग्रॅम हरितगृह वायू हवेत सोडते. मुंबईपासूनचे विमान टळत नाही. पुढचे टाळता येते.

बेत आखायला बसताना म्हणूनच कागदावर आधी प्रत्येक शहराचा सूर्योदय आणि सूर्यास्त लिहावा, नंतर त्या दिवसाची गाडी, आणि सर्वांत शेवटी भाडे. हा कागद आजी-आजोबांसमोर ठेवावा. दुपारी तीन वाजता झुरिकहून मिलानला जाणाऱ्या गाडीत आपण जेवलेले असू, हे त्यावर वाचले की तिकिटे तीनऐवजी पाच काढता येतील.